तगर नगरीचा पत्ता आणि स्वतःचें संकेतस्थळ

१

धाराशिव जिल्ह्यांत तेरणा नदीच्या कांठीं तेर नांवाचें एक गांव आहे. संत गोरोबाकाकांची समाधि तेथें असल्यामुळें वारकऱ्यांस तें परिचित आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकांस तें निराळ्याच कारणानें ठाऊक असतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका अनामिक ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें 'पेरिप्लस' या नांवानें ओळखली जाणारी जी समुद्रप्रवासाची वही लिहिली, तींत तगर नांवाच्या एका फार मोठ्या नगराचा उल्लेख आहे. भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असा त्याचा पत्ता या व्यापाऱ्यानें दिला आहे. तेथून साधें कापड आणि तऱ्हेतऱ्हेचीं तलम वस्त्रें गाड्यांवर लादून भडोच बंदरास येत, असेंही तो सांगतो. टॉलेमीच्या भूगोलांतही हें नांव आलें आहे. पुढें हजार वर्षांनीं कोंकणांत व कोल्हापुरांत राज्य करणारे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत होते. येणेंप्रमाणें नांव राहिलें, बिरुद राहिलें. परंतु तें नगर कोणत्या ठिकाणीं होतें याचा मात्र लोकांस पूर्ण विसर पडला.

१७८७ सालीं ठाणें येथें पाया खणीत असतां एक ताम्रपट सांपडला. तो शके ९३९, म्हणजे इ. स. १०१७ मधील अरिकेसरी नांवाच्या शिलाहार राजाचा होता, आणि त्यांत तगराचें नांव होतें. तेव्हांपासून विद्वानांत वाद सुरू झाला. विल्फर्ड यानें तगर म्हणजे देवगिरि असें ठरविलें, पंडित भगवानलाल इंद्रजी यांस तें जुन्नर वाटलें, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं धारूरचें नांव सुचविलें. अखेरीस १९०१ सालीं डॉ. फ्लीट यांनीं, अंतरें व दिशा यांचा मेळ घालून आणि 'तगर'चें 'तेर' होण्याची वाट दाखवून, तें आपलें तेरच असल्याचें साधार प्रतिपादन केलें. त्याच सुमारास हेन्री कझिन्स यांनीं तेथील विटांचीं देवळें पाहून, त्रिविक्रमाचें देऊळ हें मुळांत बौद्ध चैत्यगृह असावें असा अभिप्राय दिला. पत्ता विचारण्यास आरंभ झाल्यापासून तो मिळेपर्यंत एकशें चौदा वर्षें लागलीं, आणि या सर्व काळांत तेर जेथें आहे तेथेंच होतें.

या कथेस आणखी एक पुरवणी आहे. तेरच्या शेतांत व पांढरींत पावसाळ्यानंतर वर येणारे मणी, नाणीं, मृण्मूर्ति हे सारें वेंचून ठेवण्याचें काम आधीं कोणा सरकारनें केलें नाहीं. तें गांवांतील एका गृहस्थानें, कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनीं, केलें. त्यांचा तो संग्रह आज तेरच्या शासकीय वस्तुसंग्रहालयांत त्यांच्याच नांवानें उभा आहे. त्यांतील हस्तिदंती स्त्रीमूर्ति १९३८ सालीं इटलींतील पाँपेई येथें मिळालेल्या मूर्तीची सख्खी बहीण शोभेल अशी आहे. एका खासगी माणसानें आपल्या घरांत जपून ठेवलेल्या वस्तूंमुळें दोन सहस्र वर्षांपूर्वींचा समुद्रव्यापार डोळ्यांपुढें उभा राहतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

संकेतस्थळाविषयीं लिहावयाचें असतां तेरपासून आरंभ कां केला, असें वाचक विचारतील. त्याचें कारण असें कीं, ज्या कोणास महाजालावर स्वतःचें एखादें पान मांडावयाचें असेल, त्यास तगराच्या इतिहासांतील सर्व प्रश्न नव्यानें सोडवावे लागतात. नांव कोणतें घ्यावें? तें नांव आणि प्रत्यक्ष जागा यांची सांगड कोण राखणार? कोणत्या लिपींत लिहिलें असतां पुढील पिढीस वाचतां येईल? आणि आपल्यामागें हें कोण सांभाळील? या चार प्रश्नांचीं उत्तरें मनुष्यजातीनें गेल्या चाळीस वर्षांत कशीं शोधलीं, याचा इतिहास येथें थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

२

प्रथम वस्तु काय आहे तें पाहूं. संकेतस्थळ म्हणजे दूर कोठेंतरी अहोरात्र चालू असलेल्या एका संगणकावर ठेवलेलीं कांहीं पानें. कोणी वाचकानें आपल्या यंत्रावरून त्या पानाचा पत्ता पाठविला कीं तो संगणक पानाची नक्कल त्याजकडे धाडतो. मागतील त्यांस वाढण्याचें काम तो करतो, म्हणून त्यास इंग्रजी शब्दानें सर्व्हर म्हणतात. याहून अधिक गूढ त्यांत कांहीं नाहीं.

ही योजना टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थाची. जिनीव्हाजवळील सर्न या अणुसंशोधनाच्या संस्थेंत निरनिराळ्या देशांचे शास्त्रज्ञ काम करीत. प्रत्येकाचे संगणक वेगळे, टिपणें ठेवण्याची रीत वेगळी. मनुष्य बदलून गेला कीं त्याची माहितीही त्याजबरोबर जाई. हें टाळण्याकरितां त्यानें १९८९ च्या मार्च महिन्यांत एक योजना मांडली आणि १९९० च्या अखेरीस पहिला सर्व्हर आपल्याच मेजावर चालू केला. हें यंत्र बंद करूं नये अशी सूचना त्यानें तांबड्या शाईनें लिहून त्यावर चिकटविली होती. कारण कोणी सहज कळ दाबली असती तर जगांतील त्या काळचें सगळें जाळेंच विझलें असतें! १९९१ च्या ऑगस्टमध्यें त्यानें ही गोष्ट बाहेरच्या जगास कळविली.

परंतु ही योजना जगभर पसरली ती केवळ चातुर्यामुळें नव्हे. तिच्या बरोबरीनें अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठाची 'गोफर' नांवाची दुसरी एक पद्धत चालत होती, आणि ती कांहीं काळ अधिक लोकप्रियही होती. १९९३ च्या आरंभीं त्या विद्यापीठानें कांहीं वापराबद्दल मोबदला घेण्याचें जाहीर केलें, लोक बिचकले. याच्या उलट सर्ननें ३० एप्रिल १९९३ रोजीं आपली पद्धत सर्वांस विनामूल्य वापरण्यास मोकळी केली. पुढें ज्याचें त्यानें स्वतःचें पान उभारावें, कोणाची परवानगी मागूं नये, ही जी स्थिति आली तिचें मूळ या एका निर्णयांत आहे.

पान लिहिण्याची रीतही मुद्दाम सोपी ठेवलेली होती. छापखान्याकडे जाणाऱ्या हस्तलिखितावर संपादक जशा खुणा करतो, हें शीर्षक, येथें नवा परिच्छेद, ही यादी, तशाच अठरा-वीस खुणा आरंभीं ठरविल्या गेल्या. या खुणांच्या भाषेस एचटीएमएल म्हणतात. पुढें तींत पुष्कळ भर पडली, तथापि त्या जुन्या खुणा आजही चालतात. नवशिक्यानें ध्यानांत ठेवावयाची गोष्ट ही कीं, पहिलें पान करण्यास महाजालाची जोडणी लागत नाहीं, कीं कोणास पैसा द्यावा लागत नाहीं. संगणकावरील साध्या टिपणवहींत चार खुणा व दोन परिच्छेद लिहावे, तें योग्य नांवानें सांठवावें आणि ब्राउझरमध्यें उघडून पाहावें. पान दिसूं लागतें. जगापुढें मांडण्याचें काम त्यानंतरचें. घरच्या पाटीवर धडा गिरवून मगच शाळेच्या फळ्यापुढें जावें, असाच हा प्रकार आहे.

३

आतां नांवाकडे वळूं. महाजालावरील प्रत्येक यंत्रास आंकड्यांचा पत्ता असतो. परंतु आंकडे मनुष्याच्या लक्षांत राहत नाहींत. प्रारंभीं यंत्रांची संख्या थोडी असल्यामुळें नांवें आणि आंकडे यांची एकच यादी अमेरिकेंतील स्टॅनफर्ड येथील संशोधनसंस्थेंत ठेवीत, आणि सर्वजण तिची नक्कल उतरून घेत. यंत्रें वाढलीं तशी ती यादी पुरी पडेना. तेव्हां १९८३ सालीं पॉल मॉकापेट्रिस यानें नवी व्यवस्था सुचविली. तींत सर्व नांवें एका ठिकाणीं न ठेवतां देश, संस्था, व्यक्ति अशा उतरंडीनें जबाबदारी वांटून दिली. पाटलानें गांवापुरतें पाहावें, देशमुखानें परगण्यापुरतें, तसेंच हें होय. यांतील नांवास डोमेन म्हणतात, आणि तें उजवीकडून डावीकडे वाचावें लागतें. अगदीं शेवटचा तुकडा सर्वांत मोठा प्रांत दाखवितो.

भारताच्या वांट्यास 'इन' हा प्रांत १९८९ सालीं आला आणि त्याचें दप्तर मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे होतें. त्या काळीं संस्था, कंपन्या, विद्यापीठें यांनीं अर्ज करावा, कागद दाखवावे आणि मग नांव मिळावें अशी रीत होती. सामान्य माणसास देशाच्या नांवाखालीं आपलें नांव लावणें सोपें नव्हतें. २००५ सालीं हे नियम सैल झाले आणि निक्सी या संस्थेच्या देखरेखीखालीं कोणासही असें नांव नोंदवितां येऊं लागलें. सर्वसामान्य लोकांसाठीं महाजालाची सेवा विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांत सुरू केली होती. धाराशिव, कळंब, परंडा यांसारख्या गांवांपर्यंत तिचें लोण पोंचण्यास पुढें बराच काळ जावा लागला. आज त्याच गांवांतील विद्यार्थ्याच्या हातांतील दूरध्वनियंत्रांत ती सेवा आहे, आणि नांवाचें वार्षिक भाडें एखाद्या मासिकाच्या वर्गणीहून फारसें अधिक नाहीं.

येथें 'भाडें' हा शब्द मी जाणून वापरला आहे. डोमेन विकत मिळत नाहीं. तें ठराविक मुदतीसाठीं नोंदविलें जातें. मुदत संपतांना पैसे भरण्यास विसर पडला तर कांहीं सवलतीच्या दिवसांनंतर तें नांव मोकळें होतें आणि दुसरा कोणीही तें घेऊं शकतो. म्हणून नोंदणी करतांना ती स्वतःच्या नांवानें, स्वतःच्या पत्त्यानें करावी. काम करून देणाऱ्या कारागिराच्या नांवानें करूं नये. घर बांधणाऱ्या गवंड्याच्या नांवावर सातबारा ठेवण्यासारखेंच तें आहे, आणि अशा चुकीपायीं पुष्कळांनीं पुढें आपलेंच नांव गमावलें आहे.

नांव निवडतांनाही आपल्या जिल्ह्याच्या इतिहासापासून शिकण्यासारखें आहे. धाराशिव हें जुनें नांव. निजामाच्या अमलांत त्याचें उस्मानाबाद झालें. २०२३ सालीं तें पुनः धाराशिव झालें. पूर्वीं या जिल्ह्याचें ठाणें नळदुर्ग येथें होतें, आणि १९८२ सालीं लातूरचा जिल्हा यांतूनच वेगळा झाला. गांवाच्या वेशीवरील पाटी एका दिवसांत बदलतां येते. परंतु महाजालावर ज्या शेंकडों लोकांनीं जुना पत्ता आपल्या लेखांत उतरून घेतलेला असतो, त्यांच्या पाट्या कोण बदलणार? जुन्या पत्त्यावर येणाऱ्यास नव्या पत्त्याकडे वळविण्याची सोय करतां येते, परंतु त्यासाठीं जुनें नांवही हातचें सोडून चालत नाहीं. बर्नर्स-ली यानें १९९८ सालीं लिहिलेल्या एका टिपणांत हेंच बजावलें आहे कीं, चांगला पत्ता कधीं बदलत नाहीं. म्हणून पत्त्यांत हुद्दा, खातें, तात्पुरती स्थिति यांचा उल्लेख करूं नये. आज शिक्षक असलेला मनुष्य उद्यां मुख्याध्यापक होईल, परवां सेवानिवृत्त होईल. त्याचें स्वतःचें नांव तेवढें तेंच राहील. व्यक्तिगत संकेतस्थळास व्यक्तीचेंच नांव द्यावें, हा सल्ला यामुळेंच शहाणपणाचा ठरतो.

४

लिपीचा प्रश्न मराठी माणसास सर्वांत जास्त जाचला. ज्यांच्या घरीं जुनीं दप्तरें आहेत त्यांस मोडीची अवस्था ठाऊक आहे. कागद शाबूत, शाई शाबूत, अक्षरही बहुधा वळणदार. परंतु घरांत तें वाचणारा कोणी नाहीं. कागद वांचला म्हणून मजकूर वांचलाच असें होत नाहीं, हा धडा मोडीनें आपणांस दिला होता. तरीही संगणकावर मराठी आली तेव्हां तोच प्रकार नव्यानें घडला.

संगणक अक्षर ओळखीत नाहीं; तो आंकडा ओळखतो. कोणत्या आंकड्यास कोणतें अक्षर समजावें याचा करार सर्वांत एकच असला तरच एकाचें लिखाण दुसऱ्यास वाचतां येतें. आरंभींच्या मराठी संकेतस्थळांवर असा एकच करार नव्हता. रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरी आकार बसविलेले टंक जो तो आपापल्या सोयीनें करी. वाचकापाशीं नेमका तोच टंक नसला तर त्यास मराठीऐवजीं रोमन अक्षरांची निरर्थक खिचडी दिसे. म्हणून प्रत्येक स्थळावर आधीं टंक उतरवून घेण्याची सूचना असे. १९९६ सालीं परदेशस्थ मराठी मंडळींनीं सुरू केलेलें 'मायबोली' हें संकेतस्थळ या अडचणींच्या काळांतलें असून आजवर चालत आलें, हें विशेष आहे. परंतु त्या वेळच्या कित्येक लहान स्थळांचा मजकूर आज कोणापाशीं असला तरी तो वाचतां येत नाहीं.

एकच करार करण्याचे यत्न इकडे चालू होतेच. पुण्यास १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेनें भारतीय लिप्यांच्या संगणकलेखनाचें काम पुढें नेलें, आणि भारतीय मानक संस्थेनें १९९१ सालीं 'इस्की' नांवाचा संकेत मान्य केला. त्याच वर्षीं जगांतील सर्व लिप्यांसाठीं 'युनिकोड' या संकेताची पहिली आवृत्ति निघाली. तींत देवनागरीस एकशें अठ्ठावीस जागांचा स्वतंत्र वाडा मिळाला. परंतु करार कागदावर होणें निराळें आणि घरोघरच्या यंत्रांत उतरणें निराळें. विंडोज २००० या प्रणालींत देवनागरीची सोय आली आणि तिच्याबरोबर प्रा. रघुनाथ कृष्ण जोशी यांनीं रेखाटलेला 'मंगल' हा टंक आला, तेव्हां कोठें सामान्य वाचकास कांहींही उतरवून न घेतां मराठी पान दिसूं लागलें. १ मे २००३ रोजीं मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला तो या नव्या पायावर. मराठीची खास निकड मात्र पुरी होण्यास आणखी वेळ लागला. 'ॲ' या अक्षरास स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ सालीं. आणि देवनागरींत लिहिलेलें '.भारत' हें डोमेन २०१४ च्या ऑगस्टमध्यें खुलें झालें. त्याच्या पडद्यामागें अजूनही रोमन अक्षरांचीच एक जुळणी काम करते. परंतु वाचकास ती दिसण्याचें कारण नाहीं.

नवशिक्यास या इतिहासांतून एकच नियम घ्यावयाचा आहे. जें लिहावयाचें तें युनिकोडमध्यें लिहावें; छापखान्यासाठीं जुन्या टंकांत जुळविलेला मजकूर आधीं रूपांतरित करून, नीट तपासून मगच पानावर चढवावा; आणि मजकुराचें चित्र काढून लावूं नये. चित्रांतील अक्षर डोळ्यांस दिसतें, पण शोधयंत्रास सहसा सांपडत नाहीं आणि दृष्टिहीन माणसासाठीं पान वाचून दाखविणाऱ्या यंत्रास तें मुकें असतें. जागेची तर चिंताच नको. देवनागरींतील एका चिन्हास सामान्यतः तीन बाइट लागतात. या हिशेबानें प्रस्तुत लेखाएवढा निबंध पन्नास हजार बाइटांच्या आसपास भरेल. दूरध्वनियंत्रावर काढलेल्या एका छायाचित्रास याच्या कित्येक पट जागा लागते.

५

नांव झालें, लिपि झाली, आतां जागा. येथें मराठवाड्याच्या निकटच्या इतिहासाचें स्मरण होतें. निजामाच्या राज्यांत १८८४ पासून उर्दू ही दरबारची भाषा झाली, आणि मराठींत वृत्तपत्र काढावयाचें तर सरकारी परवानगीचा अडसर होता. अशा वेळीं, १९३७-३८ च्या सुमारास, आ. कृ. वाघमारे यांनीं 'मराठवाडा' हें साप्ताहिक पुण्याहून, म्हणजे निजामाच्या हद्दीबाहेरून, काढलें. वाचक एका राज्यांत आणि छापखाना दुसऱ्या राज्यांत! निजाम सरकारनें अंकावर बंदी घालावी आणि वाघमारे यांनीं दुसऱ्या नांवानें तेंच पत्र पुनः काढावें, असा क्रम कैक वेळां चालला. १९४८ च्या सप्टेंबरांत संस्थान मुक्त होईपर्यंत येथील माणसास आपलें म्हणणें आपल्या गांवांत छापणें सुकर नव्हतें. हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस, आज कोणाही विद्यार्थ्यास स्वतःचें पान जगापुढें मांडतां येतें या गोष्टीचें मोल निराळें सांगावयास नको.

वाघमारे यांच्या उदाहरणावरून आणखी एक गोष्ट समजते. मजकूर जेथें ठेवलेला असतो ती जागा आणि तो जेथें वाचला जातो ती जागा एक असण्याची गरज नाहीं. आणि नांव आपल्या हातीं असलें, प्रत आपल्यापाशीं असली, तर जागा बदलतां येते. संकेतस्थळाचेंही तसेंच आहे. सर्व्हर स्वतःच्या घरीं ठेवतां येतो. परंतु वीज व जोडणी यांचा अखंड भरंवसा नसल्यास तें काम भाड्याच्या सर्व्हरकडे सोंपविणें बरें. कांहीं ठिकाणीं साध्या पानांसाठीं विनामूल्य जागाही मिळते. मात्र विनामूल्य जागेचा इतिहास लक्षांत ठेवून तीं घ्यावी.

१९९४ सालीं अमेरिकेंत 'जिओसिटीज' नांवाची एक वसाहत निघाली. विषयवार मोहल्ले पाडलेले. ज्यास हवा त्यानें आपल्या आवडीच्या मोहल्ल्यांत फुकट प्लॉट घ्यावा आणि पान उभारावें. लक्षावधि सामान्य माणसांनीं आपलें पहिलें पान तेथें लिहिलें. कोणी आपल्या मांजराविषयीं, कोणी आपल्या आजाराविषयीं, कोणी आपल्या घराण्याविषयीं. १९९९ सालीं याहू कंपनीनें ती वसाहत विकत घेतली आणि २००९ च्या ऑक्टोबरांत ती बंद केली. कांहीं स्वयंसेवकांनीं धांवपळ करून पुष्कळसा मजकूर उतरवून घेतला. १९९६ पासून चाललेल्या 'इंटरनेट अर्काइव्ह' या संग्रहालयांतही कांहीं भाग राहिला. तरी ज्यांनीं आपली प्रत ठेवली नव्हती आणि ज्यांचें पान कोणाच्या हातीं लागलें नाहीं, त्यांचें तें लिखाण कायमचें गेलें.

आज आपल्याकडील सुशिक्षित मंडळी जिओसिटीजवर लिहीत नाहींत. तीं समाजमाध्यमांवर लिहितात. तेथें वाचक तात्काळ मिळतात, खर्च नाहीं, श्रम नाहींत. ही सोय नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु ती दुसऱ्याची ओसरी आहे. तेथें आज लिहिलेलें पुढल्या आठवड्यांत खालीं वाहून जातें. कोणतें वर ठेवावें आणि कोणतें झांकावें हें घरमालक ठरवितो. आणि उद्यां त्यानें दार लावलें तर आपण कोणाकडे दाद मागणार? म्हणून ओसरीवर गप्पा अवश्य माराव्या, परंतु आपलें दप्तर तेथें ठेवूं नये.

याच्या उलट बाजूसही कांहीं सत्य आहे, आणि तें मोकळेपणानें मांडलें पाहिजे. स्वतःचें संकेतस्थळ हें मालकाच्या आयुष्यास बांधलेलें असतें. तो गेला, भाडें थकलें, कीं वर्षा-दोन वर्षांत नांवही जातें आणि पानही जातें. मोठ्या कंपनीच्या ओसरीवरील मजकूर कदाचित् त्याहून अधिक टिकेल. तेव्हां 'स्वतःचें' म्हणजे 'चिरंजीव' असें समजूं नये. यावर उपाय जुनाच आहे: प्रति वाढवाव्या. एक प्रत घरच्या यंत्रावर, एक वेगळ्या तबकडीवर, एक दुसऱ्या गांवीं राहणाऱ्या आप्ताकडे; महत्त्वाचा मजकूर कागदावर छापून गांवच्या वाचनालयांत; आणि नांवाची किल्ली कोठें आहे याची चिठ्ठी घरांतील तरुण माणसाच्या हातीं. लामतुऱ्यांचा संग्रह राहिला तो त्यांनीं वेंचला म्हणून, आणि त्यांच्या पश्चात् सांभाळणारा वारस लाभला म्हणूनही.

६

हें सारें कोणत्या कामासाठीं करावयाचें, हा शेवटचा प्रश्न. धाराशिव जिल्ह्यापुरतें बोलावयाचें तर त्याचें उत्तर मला उमरगा व लोहारा या भागांत दिसतें. सर्ननें आपली पद्धत जगास मोकळी केल्यानंतर पांच महिन्यांनीं, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे, चारला कांहीं मिनिटें असतां, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव या दोन जिल्ह्यांत हजारों माणसें दगडमातीच्या भिंतींखालीं गेलीं. सास्तूरसारखीं गांवें जमीनदोस्त झालीं आणि पुढें कित्येक गांवें मूळ जागा सोडून नव्या जागीं वसविलीं गेलीं. नव्या गांवांत रस्ते रुंद आहेत, घरें बळकट आहेत. परंतु जुन्या गांवांत कोणाचा वाडा कोठें होता, कोणत्या आडाचें पाणी गोड होतें, कोणत्या गल्लींतून पालखी जात असे, याचा नकाशा कोठल्याही सरकारी दप्तरांत पुरतेपणीं मिळणार नाहीं. तो ज्यांच्या मनांत आहे तीं माणसें तेव्हां विशींत होतीं. आज तीं पन्नाशी ओलांडून गेलीं आहेत. त्याहून वडील पिढी तर झपाट्यानें चालली आहे.

तगर नगरीचें असेंच झालें. तें नगर ओस पडण्यापूर्वीं तेथील कोणा रहिवाशानें आपल्या गांवाविषयीं चार ओळी लिहिल्या असतील तर त्या आपल्यापर्यंत आल्या नाहींत. जें आलें तें एका परक्या व्यापाऱ्याचें टिपण आणि दूरच्या राजांचें एक बिरुद. व्यापाऱ्यास कापडाच्या भावाशीं काम होतें, राजास घराण्याच्या मोठेपणाशीं. तगरच्या कोष्ट्याला, कुंभाराला काय वाटत होतें हें सांगणारा कोणी नाहीं.

आज ती उणीव भरून काढण्यास राजाश्रय लागत नाहीं, छापखाना लागत नाहीं, परवानगीही लागत नाहीं. ज्यास आरंभ करावयाचा आहे त्यानें मोठी इमारत मनांत योजूं नये. एखाद्या सायंकाळीं घरांतील वृद्धाजवळ बसावें, जुन्या गांवांतील एका गल्लीचीं घरें क्रमानें विचारून घ्यावीं आणि तीं एका साध्या पानावर उतरावीं. नांव, दिशा, अंतर, साल, सांगणाऱ्याची संमति असल्यास त्याचें नांव, एवढें असलें म्हणजे पुरें. तें पान आधीं घरच्या यंत्रावर उघडून त्या वृद्धास वाचून दाखवावें, चुका सुधाराव्या, आणि मग नांव नोंदवून, जागा घेऊन, तें जगापुढें ठेवावें. दुसरें पान पुढच्या महिन्यांत होईल. पेरिप्लसच्या कर्त्यानें तगराविषयीं याहून फारसें अधिक लिहिलें नव्हतें. पैठणहून पूर्वेस दहा दिवसांची वाट, एवढेंच त्यानें नेमकेपणानें टिपून ठेवलें, आणि अठराशें वर्षांनीं तेवढ्यावरून फ्लीटसाहेबांस तेरची वाट सांपडली.